भाषेच्या वर्गाचे नियमपत्रक

विद्यापीठात शिकवल्या जाणाऱ्या बहुतेक विषयांत शिकण्याचा विषय आणि शिकवण्याचे माध्यम या दोन निराळ्या गोष्टी असतात. इतिहासाचा प्राध्यापक पानिपतच्या लढाईविषयी मराठीत बोलतो, विद्यार्थी ते टिपून घेतो, आणि एखाद्या दिवशी तो वर्गात आला नाही तरी मित्राची वही आणि ग्रंथालयातले पुस्तक यांच्या आधारे राहिलेला भाग भरून काढतो. भाषेच्या वर्गात ही सोय नसते, कारण तेथे जे शिकायचे तेच वापरून शिकायचे असते, आणि वापर ही गोष्ट दुसऱ्याच्या वहीत उतरत नाही. जी भाषा शिकायची तिला भाषाशिक्षणशास्त्रात ‘लक्ष्यभाषा’ म्हणतात. लक्ष्यभाषेत समोरच्याचे ऐकणे, ते निम्मेच कळणे, उत्तर जुळवताना अडखळणे, चुकणे आणि सुधारून पुन्हा बोलणे ही साखळी ज्या वेळात घडते तोच भाषेच्या वर्गाचा खरा वेळ होय. या वर्गाचे नियम इतर विषयांच्या नियमांहून कडक आणि काही बाबतींत विचित्र वाटतात, त्याचे मूळ येथे आहे.

अमेरिकी विद्यापीठांत सत्राच्या पहिल्याच तासाला प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती काही पानांचे पत्रक पडते. त्याला तेथे सिलॅबस म्हणतात. मात्र महाराष्ट्रात सिलॅबस म्हणजे परीक्षेला येणाऱ्या घटकांची यादी असा जो अर्थ रूढ आहे, त्याहून त्या पत्रकाचा आवाका बराच मोठा असतो. हजेरी किती हवी, उशिरा आलेला गृहपाठ घ्यायचा की नाही, वर्गात कोणती भाषा बोलायची, तोंडी परीक्षेला किती गुण, यंत्राची मदत कोठवर चालेल, हे सारे त्यात लिहिलेले असते आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्यातल्या लेखी कराराइतके त्याला वजन असते. आपल्याकडे हेच नियम बहुधा तोंडी सांगितले जातात किंवा सूचनाफलकावर लागतात, आणि त्यांमागची कारणे क्वचितच सांगितली जातात. या प्रकरणात अशा पत्रकातील प्रमुख नियमांचा विचार केला आहे. तो करताना कसोटी एकच धरली आहे: विद्यार्थी लक्ष्यभाषा प्रत्यक्ष वापरतो तो वेळ या नियमामुळे वाढतो का? वाढत असेल तर नियम कितीही जाचक वाटला तरी योग्य आहे, आणि वाढत नसेल तर तो कितीही जुना असला तरी काढून टाकण्याजोगा आहे.

तासांचे गणित

हजेरीच्या नियमाचे समर्थन आकड्यांतूनच होते. भारतीय विद्यापीठांत तासिकेच्या स्वरूपातील एका श्रेयांकासाठी, म्हणजे क्रेडिटसाठी, सत्रभरात १५ तास अध्यापन धरले जाते. त्या हिशेबाने चार श्रेयांकांच्या भाषा अभ्यासक्रमाला एका सत्रात ६० तास मिळतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट ही संस्था आपल्या अधिकाऱ्यांना परदेशी भाषा शिकवते आणि दीर्घ अनुभवावरून तिने काढलेले अंदाज जगभर वापरले जातात. इंग्रजी मातृभाषा असलेल्या प्रौढाला व्यावसायिक कामकाजाला पुरेशी फ्रेंच किंवा स्पॅनिश येण्यासाठी साधारण ६०० ते ७५० तास, हिंदीसाठी सुमारे १,१०० तास, आणि जपानी, चिनी, अरबी व कोरियन या भाषांसाठी सुमारे २,२०० तास वर्गात घालवावे लागतात, असे हे अंदाज सांगतात. ते अधिकारी आठवड्याला २५ तासांच्या आसपास वर्ग करतात आणि घरी वेगळा अभ्यास करतात. मराठी भाषकाच्या बाबतीत हे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, कारण भाषेचे अंतर प्रत्येकाच्या मातृभाषेपासून मोजायचे असते. तरी अंदाज येण्यास ते पुरेसे आहेत. सत्राचे ६० तास या प्रमाणात मुळातच अपुरे असतात, आणि ७५ टक्के हजेरीचा नियम अक्षरशः पाळून जो विद्यार्थी २५ टक्के तास सोडतो तो त्यांतले १५ तास गमावतो.

त्यातही हे तास सलग मिळून उपयोग नसतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती काळाने किती विसरले याच्या नोंदी ठेवल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध केल्या. विसरणे सुरुवातीला फार झपाट्याने होते आणि पुढे मंदावते, तसेच एका बैठकीत केलेल्या घोकंपट्टीपेक्षा अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, हे त्यांचे निष्कर्ष पुढील संशोधनात वारंवार खरे ठरले आहेत. म्हणूनच भाषेचा वर्ग शनिवारी सलग चार तास घेण्यापेक्षा आठवड्यातून चार दिवस एकेक तास घेतला तर हिताचा असतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागून इतिहास एखाद्या वेळी निभावला तरी जपानी निभावत नाही.

वेळेवर येण्याच्या नियमाचे कारण आणखी साधे आहे. ३० विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाने ६० मिनिटे एकेकाला बोलते करायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार तर दोन मिनिटे येतात. तेच विद्यार्थी जोडीजोडीने बसून २० मिनिटे संवाद करू लागले तर प्रत्येकाला दहा मिनिटे बोलायला आणि दहा मिनिटे ऐकायला मिळतात. म्हणून आजचा भाषावर्ग बराचसा जोडीच्या कामावर उभा असतो. अशा वर्गात न आलेला किंवा पंधरा मिनिटे उशिरा आलेला विद्यार्थी आपल्याबरोबर आपल्या जोडीदाराचाही वेळ वाया घालवतो, ही गोष्ट पत्रकात स्पष्ट शब्दांत लिहिली तर हजेरीसाठी दंडाची भाषा फारशी वापरावी लागत नाही.

वर्गाची भाषा

सर्वांत वादाचा नियम हाच, आणि त्याला जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास आहे. युरोपात लॅटिन व ग्रीक ज्या रीतीने शिकवली जात, म्हणजे नियम पाठ करायचे, रूपे चालवायची आणि उताऱ्याचे मातृभाषेत भाषांतर करायचे, त्याच रीतीने एकोणिसाव्या शतकात जिवंत भाषाही शिकवल्या जात. या रीतीला व्याकरण-भाषांतर पद्धती म्हणतात. १८८२ साली जर्मन भाषाभ्यासक विल्हेल्म फिएटोर यांनी टोपणनावाने एक पुस्तिका काढून भाषाशिक्षणाने आता उलटे फिरले पाहिजे अशी हाक दिली आणि बोलीला, उच्चाराला अग्रस्थान देण्याचा आग्रह धरला. त्याआधी चार वर्षे, १८७८ मध्ये, अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स शहरात मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी भाषाशाळा सुरू केली होती आणि तेथे विद्यार्थ्याच्या मातृभाषेचा एकही शब्द न वापरता वस्तू, हावभाव आणि प्रश्नोत्तरे यांतून शिकवण्याची पद्धत आकाराला आली. तिला प्रत्यक्ष पद्धती म्हणतात. १९१५ पासून व्हर्मांट राज्यातील मिडलबरी कॉलेजात लिलियन स्ट्रोबे यांच्या पुढाकाराने उन्हाळी भाषाशाळा भरू लागल्या. तेथील विद्यार्थी आजही सत्रारंभी एका प्रतिज्ञापत्रावर सही करतो आणि पुढील काही आठवडे वर्गात, भोजनगृहात, खेळाच्या मैदानावर लक्ष्यभाषेखेरीज अन्य भाषा बोलत नाही. अमेरिकेतील परदेशी भाषाशिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१० मध्ये वर्गातील ९० टक्के किंवा त्याहून अधिक वेळ लक्ष्यभाषेतच जावा अशी शिफारस केली.

या आग्रहाला भक्कम आधार आहे. स्टीफन क्रॅशेन यांनी १९८० च्या सुमारास असे मांडले की, विद्यार्थ्याच्या सध्याच्या पातळीहून किंचित वरची, पण संदर्भाने कळेल अशी भाषा भरपूर कानांवर पडणे हीच भाषा आत्मसात होण्यातली निर्णायक गोष्ट आहे. कॅनडातील मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याला महत्त्वाची पुरवणी जोडली. तेथील इंग्रजीभाषक मुले शाळेत अनेक वर्षे सर्व विषय फ्रेंचमधून शिकत होती आणि त्यांचे फ्रेंच आकलन उत्तम होते, पण बोलताना व लिहिताना व्याकरणाच्या ठरावीक चुका जात नव्हत्या. कारण समजण्यासाठी अंदाज पुरतो, तर बोलण्यासाठी प्रत्येक प्रत्यय निवडावा लागतो. ऐकणे आणि बोलणे या दोन्हींसाठी वर्गात लक्ष्यभाषाच हवी, असा याचा अर्थ होतो.

तरीही मातृभाषेवर पूर्ण बंदी हा नियम मराठी विद्यार्थ्यांच्या संदर्भात चुकीचा आहे, असे येथे ठामपणे नोंदवणे आवश्यक वाटते. जर्मनमध्ये ‘मेड्शेन’, म्हणजे मुलगी, हा शब्द नपुंसकलिंगी आहे. इंग्रजीभाषकाला नामांच्या व्याकरणिक लिंगाची सवयच नसते, त्यामुळे मुलगी नपुंसकलिंगी कशी हे त्याला समजावण्यात वेळ जातो. मराठी विद्यार्थ्याला ‘ते मूल’, ‘ते पोर’ एवढे दोन शब्द ऐकवले की तो मान हलवतो. कोकणीत तर तरुण मुलीसाठी नपुंसकलिंगच वापरले जाते, त्यामुळे गोव्यातल्या विद्यार्थ्याला एवढेही सांगावे लागत नाही. जर्मन ‘त्साइट’, म्हणजे वेळ, या शब्दाचा आरंभीचा ध्वनी ‘चाक’ आणि ‘चमचा’ यांतल्या दंत्य च-चा असतो, हे एका वाक्यात सांगता येते. जपानी वाक्याची बांधणी तर मराठीला फारच जवळची आहे. ‘वाताशी वा गाक्को नि इकिमास’ या वाक्यात वाताशी म्हणजे मी, गाक्को म्हणजे शाळा, नि म्हणजे ला, इकिमास म्हणजे जातो. शब्दयोगी प्रत्यय नामामागून येतो आणि क्रियापद शेवटी बसते. उरतो तो ‘वा’ हा विषयदर्शक प्रत्यय, आणि ‘मी तर शाळेत जातो’ यातला ‘तर’ थोडेफार तेच काम करतो. मातृभाषेच्या नावाने या सोयी वर्गाबाहेर ठेवल्या तर हाती आलेले धन उकिरड्यावर टाकल्यासारखे होते.

दुसरे कारण न्यायाचे आहे. पुण्यामुंबईतल्या परदेशी भाषांच्या वर्गांत लक्ष्यभाषा अपुरी पडली की स्पष्टीकरण पुष्कळदा इंग्रजीतून दिले जाते, पाठ्यपुस्तकातील सूचनाही इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातून शिकून तालुक्याच्या गावाहून आलेल्या विद्यार्थिनीला मग फ्रेंचपर्यंत पोचण्यासाठी आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तिची अडचण फ्रेंचमधली नसून इंग्रजीतली आहे हे शेजारी बसलेल्याला तर सोडाच, तिला स्वतःलाही कळत नाही. म्हणून पत्रकात नियम असा असावा: सूचना, हजेरी, विचारपूस, उदाहरणे, जोडीकाम हे सारे लक्ष्यभाषेत, व्याकरणाचा अवघड मुद्दा मात्र जास्तीत जास्त पाच मिनिटे मराठीत, आणि तो संपला की पुन्हा लक्ष्यभाषा. ‘कृपया पुन्हा सांगा’, ‘हळू बोला’, ‘याला काय म्हणतात’, ‘मला समजले नाही’ अशी दहा-बारा वाक्ये पहिल्याच आठवड्यात लक्ष्यभाषेत पाठ करून घेतली तर विद्यार्थ्याला मातृभाषेकडे धाव घेण्याची गरज निम्म्याने कमी होते.

शिक्षकाच्या बाजूनेही एक नियम लागतो, आणि तो पत्रकात सहसा लिहिलेला नसतो. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांचे निरीक्षण करून दाखवले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात, आणि हाच अवधी तीन सेकंदांवर नेला तर उत्तरे लांबतात व अधिक मुले बोलू लागतात. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्याला तर तीन सेकंदही अपुरे पडतात. त्या शांततेत शेजाऱ्याने उत्तर पुरवायचे नाही, हा नियम विद्यार्थ्यांनी पाळावा आणि घड्याळाकडे न पाहता थांबायचे, हा शिक्षकाने.

चूक आणि दुरुस्ती

भाषेच्या वर्गात चूक करणे हा कामाचाच भाग आहे, त्यामुळे चुकीला हसायचे नाही हा नियम सर्वांत आधी यावा. १९८६ मध्ये इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषेच्या वर्गात वाटणारी भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. एरवी हुशार असलेला माणूस परक्या भाषेत बोलताना स्वतःला लहान मुलासारखा वाटू लागतो, आणि ही भीती सर्वसाधारण परीक्षाभयाहून वेगळी असते, हे त्या कामातून पुढे आले. सहभागासाठी राखलेल्या गुणांचे काय करायचे, हा प्रश्न येथेच उभा राहतो. पुष्कळ पत्रकांत दहा ते वीस टक्के गुण वर्गातील सहभागाला असतात आणि प्रत्यक्षात ते मोठ्या आवाजात बोलणाऱ्यांना मिळतात. हे गुण धीटपणाला न देता तयारीला द्यावेत. पाठ वाचून येणे, जोडीकामात आपला वाटा उचलणे, न कळलेले विचारणे या तीन गोष्टी अबोल विद्यार्थीही करू शकतो.

दुरुस्ती कशी करावी याविषयीचा एक अभ्यास प्रत्येक भाषाशिक्षकाने वाचावा इतका उपयुक्त आहे. रॉय लिस्टर आणि लैला रँटा यांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या चार वर्गांमधील शिक्षक-विद्यार्थी संवादांचे विश्लेषण १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या पुनर्कथनाच्या स्वरूपाच्या होत्या. म्हणजे विद्यार्थी चुकीचे वाक्य बोलला की शिक्षक तेच वाक्य बरोबर करून सहज बोलून दाखवत आणि पुढे जात. पण विद्यार्थ्याने त्यावर स्वतःहून काही सुधारून बोलण्याचे प्रमाण याच प्रकारात सर्वांत कमी होते. उत्तर न देता विद्यार्थ्याकडूनच योग्य रूप काढून घेणाऱ्या दुरुस्त्यांना प्रतिसाद कितीतरी चांगला होता.

मराठी शिकणाऱ्या परभाषकाच्या उदाहरणाने हा फरक नीट दिसतो. तो म्हणतो, ‘मी पोळी खाल्लो.’ शिक्षिका हसतमुखाने म्हणतात, ‘अरे वा, तुम्ही पोळी खाल्लीत? छान!’ विद्यार्थ्याला वाटते, आपले बोलणे पोचले आणि त्यांना आवडले. खाल्लो-खाल्ली हा बदल त्याच्या कानांवरून निसटून जातो. त्याऐवजी शिक्षिका म्हणतात, ‘मी पोळी...?’ आणि थांबतात. विद्यार्थी क्षणभर विचार करतो. सकर्मक क्रियापदाचे भूतकाळातले रूप कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालते, हा गेल्या आठवड्यातला नियम त्याला आठवतो, आणि तो स्वतःच म्हणतो, ‘मी पोळी खाल्ली.’ लगेच शिक्षिका विचारतात, ‘आणि आंबा?’ ‘मी आंबा खाल्ला.’ ‘केळे?’ ‘मी केळे खाल्ले.’ या देवाणघेवाणीला अर्धे मिनिटही लागत नाही, पण तीन लिंगांची तीन रूपे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तोंडून आलेली असतात. पत्रकात एवढे वाक्य जरूर असावे की शिक्षक मध्येच थांबून विद्यार्थ्याला वाक्य पुन्हा करायला लावतील आणि तो अपमान समजू नये.

संबोधनाचे नियमही याच अंगाचे आहेत. फ्रेंचमधील ‘त्यु’ आणि ‘व्हू’, जर्मनमधील ‘डू’ आणि ‘झी’ हा भेद मराठी विद्यार्थ्याला ‘तू’ आणि ‘तुम्ही’मुळे लगेच कळतो. जपानी वर्गात शिक्षकाला ‘सेन्सेइ’ म्हणायचे, सहाध्यायाच्या नावापुढे ‘सान’ लावायचे आणि स्वतःच्या नावापुढे मात्र कधीही लावायचे नाही, हा वर्गातला शिष्टाचार म्हणजे भाषेचा धडाच असतो.

गृहपाठ, परीक्षा आणि यंत्र

गृहपाठ दुसऱ्याच दिवशी हवा या नियमाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भाषेचा गृहपाठ पुढच्या तासाचा कच्चा माल असतो आणि आठवड्याने दिलेली वही त्या तासाला उपयोगी पडत नाही. आजारपण, घरचे कार्य, प्रवास यांसाठी सत्रात दोन-तीन वेळा कारण न विचारता सवलत द्यावी, म्हणजे खोटी कारणे रचण्याची वेळ कोणावर येत नाही.

परीक्षेविषयी एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. युरोप परिषदेने २००१ मध्ये आखलेल्या आराखड्यात भाषेच्या प्रावीण्याच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या आहेत आणि त्यांत बोलणे व लिहिणे यांनाही स्वतंत्र स्थान आहे. जपानी भाषेच्या प्रावीण्य परीक्षेला एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत. ती शब्दसंग्रह, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासते, पण तिच्यात बोलण्याची किंवा लिहिण्याची परीक्षा मुळीच नाही. नोकरीसाठी या प्रमाणपत्राकडे डोळे लावून बसलेला विद्यार्थी वर्गातल्या संवादाला दुय्यम मानू लागतो. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे काकू किंवा मावशी आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. या दोहोंतला फरक प्रश्नपत्रिकेत ओळखता येणे वेगळे आणि समोरच्या बाईंना योग्य स्वरलांबीने हाक मारता येणे वेगळे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात तोंडी परीक्षेला वजन देण्याचा नियम म्हणूनच सोडता कामा नये.

यंत्राच्या मदतीचा नियम सर्वांत नवा. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला, २०१६ पासून चेताजालांवर, म्हणजे न्यूरल नेटवर्कवर, आधारित तंत्राने यंत्रभाषांतराचा दर्जा झपाट्याने सुधारला, आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यावर निबंध, पत्र, संवाद काहीही क्षणात तयार होऊ लागले. सरसकट बंदी अमलात आणता येत नाही आणि सरसकट मोकळीक दिली तर लेखनाचा सरावच नाहीसा होतो. ज्याला व्यायामासाठी पर्वती चढायची आहे त्याने डोलीत बसून वर जाण्यात जसे काही मिळवलेले नसते, तसेच पहिल्या सत्रातील निबंध यंत्राकडून लिहून घेण्याचे आहे. निबंध ही मुळात कोणाला हवी असलेली वस्तू नसते, तो लिहिताना पडलेले कष्ट तेवढे हवे असतात. व्यवहार्य नियम असा असू शकतो: एकेका शब्दासाठी कोश, मग तो छापील असो वा मोबाइलवरचा, केव्हाही वापरावा, पूर्ण वाक्य किंवा परिच्छेद यंत्राकडून करून घेऊ नये, कोठे मदत घेतली ते वहीच्या शेवटी लिहावे, आणि लिहिलेल्या मजकुरावर शिक्षक तोंडी दोन प्रश्न विचारतील याची तयारी ठेवावी. ज्याला अजून साधा भूतकाळ धड जमत नाही त्याच्या वहीत ‘अपेक्षिले गेले असल्याचे’ अशी रचना दिसली तर चौकशीची गरज नसते. तेच वाक्य त्याला बोलून दाखवायला सांगितले की पुरते.

वर्गाबाहेरची मराठी

परभाषकांना मराठी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठी व्याकरणाला रोजच्या व्यवहारातील संवादांची जोड होती. कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवल्या जात, त्या कामातून हे पुस्तक आले. अमेरिकेत १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यामुळे दक्षिण आशियाई भाषांच्या अध्यापनाला निधी मिळू लागला आणि पेनसिल्व्हेनिया व शिकागो या विद्यापीठांत मराठीचे वर्ग चालले. फलटणला स्थायिक झालेल्या भाषावैज्ञानिक मॅक्सीन बर्नसन आणि लेखिका जाई निंबकर यांनी परभाषक विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली मराठीची पाठ्यपुस्तके, व्याकरण आणि कोश अशा वर्गांना आधारभूत ठरली. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही १९६१ मध्ये स्थापन झालेली संस्था पुण्यात मराठीचे वर्ग चालवते.

परदेशातील मराठीच्या वर्गात आणखी एक नियम लागतो, तो प्रवेशपूर्व चाचणीचा. तेथे येणाऱ्यांत काही जण मराठी आईवडिलांची, परदेशात वाढलेली मुले असतात. घरात ऐकत वाढलेल्या, पण औपचारिकपणे न शिकलेल्या भाषेला वारसाभाषा म्हणतात. ‘जेवायला ये’, ‘दार लाव’ हे त्यांना झोपेतही कळते, पण देवनागरी वाचता येत नाही आणि घोडा-घोड्याला, घर-घरात यांत प्रत्ययापूर्वी नामात होणारा बदल, म्हणजे सामान्यरूप, कानांना ओळखीचे असूनही लिहिताना चुकते. अशा विद्यार्थ्याला अगदी नवशिक्यांबरोबर बसवले तर तो कंटाळतो आणि बाकीचे त्याच्या उच्चारांपुढे गप्प होतात. त्याची पातळी आरंभीच पाहून त्याला वेगळे काम देणे आणि गृहपाठात आईची मदत कोठवर चालेल हे लिहून देणे, हे दोन्ही आवश्यक ठरते.

वर्गाच्या भाषेविषयीचा नियम मात्र मराठीच्या बाबतीत वर्गाबाहेर पडताच मोडतो, आणि तो विद्यार्थी मोडत नाही. पुण्यात मराठी शिकायला आलेली परदेशी विद्यार्थिनी किंवा बदली होऊन आलेला तमिळ अधिकारी भाजीवाल्याकडे, बसमध्ये, बँकेत मोठ्या कष्टाने जुळवलेले मराठी वाक्य बोलतो, आणि समोरचा मराठी माणूस सौजन्य म्हणून लगेच हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो. हेतू चांगला असतो, पण शिकणाऱ्याला त्या दिवशी मिळालेली मराठीची एकमेव संधी तेथेच संपते. कोणत्याही विद्यापीठाच्या पत्रकाला ही उणीव भरून काढता येणार नाही. ती मराठी बोलणाऱ्यांनीच भरून काढायची आहे. कोणी तुटक मराठीत काही विचारले तर वाचकांनी मराठीतच, जरा सावकाश आणि सोप्या शब्दांत उत्तर द्यावे, आणि त्याला पुढचे वाक्य जुळवायला तीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ द्यावा.